मधला स्पीकर कसा निवडावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

होम थिएटरविषयी आलेल्या पत्रांत या वेळी बरेचसे प्रश्न टीव्हीखालच्या एका डब्याबद्दल आहेत, म्हणजे सेंटर स्पीकरबद्दल. म्हणून आजचं पान त्यालाच दिलं आहे. ५.१ मांडणीत (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर) चित्रपटातले बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात. बाकी चार स्पीकर आणि सबवूफर कितीही उत्तम असले तरी हा चुकला की घरातली माणसं सारखी "काय म्हणाला तो?" असं विचारत राहतात.

प्रश्न : माझे समोरचे दोन टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) काही वर्षांपूर्वीचे, पण उत्तम आहेत. सेंटर दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा विचार आहे, कारण त्याची परीक्षणं फार चांगली आहेत. चालेल का?

वाजेल, पण जुळेलच असं नाही. आणि इथे 'चांगला' यापेक्षा 'जुळणारा' हा गुण मोठा. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा तिचा आवाज तीन स्पीकर एकमेकांच्या हाती देत नेतात. मधल्याच्या आवाजाचा पोत वेगळा असेल, तर गाडी पडद्याच्या मध्यावर आली की तिचं इंजिनच बदलल्यासारखं वाटतं. गर्दीचा गलका, पाऊस, टाळ्या अशा पसरट आवाजांत हा फरक आणखी उघडा पडतो.

म्हणून पहिली पसंती टॉवरच्याच कंपनीच्या, त्याच मालिकेतल्या सेंटरला. त्यातही मुख्य पाहायचं ते ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान घटक. तिन्हींत ट्वीटर एकच असावा, आणि वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या घटकाचा, शंकू त्याच पदार्थाचा असावा. वूफरचा आकार थोडा लहान असला तरी बिघडत नाही, कारण खालचे सूर तसेही सबवूफरकडे जाणार आहेत. कंपनीचं नाव सारखं असणं एवढंच मात्र पुरेसं नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत एकीला मऊ कापडी घुमटाचा ट्वीटर आणि दुसरीला धातूचा असू शकतो.

तुमची मालिका बाजारातून गेली असेल तर तीन वाटा आहेत. त्याच मालिकेचा वापरलेला सेंटर शोधा. नाहीतर त्याच मालिकेचा एखादा बुकशेल्फ (फळीवर मावणारा लहान स्पीकर) घेऊन मध्ये उभा ठेवा. जागा असेल तर हा उपाय बहुतेक आडव्या सेंटरांपेक्षा सरस ठरतो. तिसरी वाट म्हणजे समोरचे तिन्ही बदलणं. मागच्या आणि बाजूच्या स्पीकरांबाबत एवढा काटेकोरपणा नको, आणि सबवूफर कोणत्याही कंपनीचा चालतो.

जुळणी तपासायला रिसीव्हरमधला (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातला) चाचणीचा आवाज वापरा, तो 'शूऽऽ' असा खरखरीत आवाज. डावा, मधला, उजवा असा तो फिरत असताना डोळे मिटून ऐका. आधी तिन्हींची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर जो मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो. मधल्यावर येताच आवाज नाकात बोलल्यासारखा, डब्यातून आल्यासारखा किंवा चिरका झाला, तर जुळणी कच्ची आहे.

प्रश्न : आमच्या सेंटरमध्ये दोन्ही कडांना वूफर आणि मध्ये ट्वीटर आहे. मला समोर बसून सगळं स्पष्ट ऐकू येतं, पण बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या आईची तक्रार आहे की शब्द कळत नाहीत. तिच्या कानात दोष नाही. मग काय कारण?

आईंचं बरोबर आहे. दोष त्या आडव्या रचनेत आहे.

समोर बसलेल्याला दोन्ही वूफर सारख्याच अंतरावर असतात, म्हणून त्यांच्या लाटा एकत्र येऊन पोचतात. कडेला बसलेल्याला एक वूफर जवळ आणि दुसरा लांब. अंतरातला हा फरक ज्या सुराच्या अर्ध्या तरंगलांबीइतका भरतो, त्या सुरावर दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथे खड्डा पडतो.

आकडे घालून पाहू. दोन वूफरच्या मध्यबिंदूंत ३० सेंटिमीटर अंतर आहे आणि सोफा ३ मीटरवर आहे. मध्यापासून ८० सेंटिमीटर बाजूला बसलेली व्यक्ती साधारण १५ अंश कोनात येते. तिच्यासाठी अंतरातला फरक ७.८ सेंटिमीटर, म्हणून खड्डा २,२०० हर्ट्झच्या आसपास. बाजूच्या खुर्चीवर, म्हणजे मध्यापासून १.७ मीटरवर, कोन ३० अंशांच्या जवळ जातो, फरक १५ सेंटिमीटर होतो आणि खड्डा सुमारे १,१४० हर्ट्झवर उतरतो. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणजे शब्द जिथे ओळखू येतात, नेमका तिथेच घाव बसतो.

खात्री करून घ्यायची सोपी युक्ती आहे. फक्त सेंटरवर चाचणीचा खरखरीत आवाज लावा आणि मधल्या जागेवरून आईंच्या खुर्चीपर्यंत हळूहळू चालत जा. आवाजाचा रंग बदलत, मध्येच पोकळ होत गेला तर निदान पक्कं. आता स्पीकर उभा करून तीच फेरी मारा. बदल बराच कमी झालेला जाणवेल, कारण उभ्या रचनेत दोन्ही वूफर आडव्या दिशेला एकाच रेषेत येतात. (उभा ठेवल्यावर उठून उभं राहिलं तर आवाज बदलेल, पण चित्रपट बसूनच पाहतात.)

खरं सांगायचं तर स्पीकर आडवा करण्यामागे ध्वनिशास्त्र नाही, टीव्हीखालच्या फळीची उंची आहे. आडवाच घ्यायचा असेल तर नवीन घेताना मधल्या भागाकडे पाहा. मध्ये ट्वीटर आणि त्याच्या बरोबर खाली किंवा वर लहान मिडरेंज (मधले सूर वाजवणारा घटक), आणि वूफर दोन्ही कडांना, अशी तीन-मार्गी रचना हवी. तिच्यात बोलण्याचा पट्टा एकाच मिडरेंजकडे जातो आणि कडेचे वूफर काहीशे हर्ट्झच्या खालीच काम करतात, जिथे तरंगलांबी इतकी मोठी असते की असा खड्डा पडत नाही. दुसरी चांगली रचना म्हणजे समाक्ष, ज्यात ट्वीटर मिडरेंजच्या पोटातच बसवलेला असतो. काही कंपन्या दोनपैकी एक वूफर खालच्या सुरांपुरताच ठेवतात, त्याला अडीच-मार्गी म्हणतात. तोही साध्या जोडवूफरपेक्षा बरा.

मात्र घाबरून स्पीकर विकायला काढू नका. वूफर लहान आणि जवळजवळ असतील, मध्यबिंदूंत २५ सेंटिमीटर किंवा कमी अंतर असेल, ट्वीटर २,००० हर्ट्झच्या आसपास काम हाती घेत असेल आणि सगळी मंडळी एकाच सोफ्यावर १५ अंशांच्या आत बसत असतील, तर हा खड्डा ट्वीटरच्या हद्दीत जातो आणि फारसा जाणवत नाही. तुमच्या घरी अडचण त्या बाजूच्या खुर्चीची आहे. ती आत सरकवता आली तर एक पैसाही खर्च न होता प्रश्न सुटेल.

प्रश्न : एका सेंटरवर १५० वॉट लिहिलंय, दुसऱ्यावर २००. दोनशेवाला घ्यावा ना?

वॉटचा आकडा स्पीकर किती झेपवू शकतो ते सांगतो, किती मोठा वाजेल ते नाही. पाहायची ती संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये. ८४ डेसिबलचा सेंटर ९० डेसिबलच्या टॉवरांइतका वाजवायला चौपट शक्ती लागते, कारण दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते. सेंटर टॉवरांच्या मागेपुढे २-३ डेसिबलमध्ये असावा.

या आकड्यातही एक मेख आहे. तो बहुधा २.८३ व्होल्ट देऊन, १ मीटरवर मोजलेला असतो. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तोच व्होल्टेज २ वॉट खातो. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबल जास्त हुशार दिसतो आणि रिसीव्हर मात्र जास्त तापवतो. रिसीव्हरच्या मागे किमान किती ओहम लिहिलेत ते आधी वाचा.

शक्ती किती लागते याचा अंदाज हवा असेल तर हा हिशेब: ८७ डेसिबलचा स्पीकर ३ मीटरवर, भिंतींची मदत न धरता, १ वॉटला साधारण ७७.५ डेसिबल देतो. चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीत एका वाहिनीची (म्हणजे एका स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाची) शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात, त्यासाठी सुमारे ५६० वॉट लागतील. पण घरी बहुतेकजण त्याहून १५ डेसिबल हळू ऐकतात, आणि मग १८ वॉट पुरतात. खोलीच्या परावर्तनांमुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमीच.

प्रश्न : सेंटर टीव्ही युनिटच्या खणात, जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. आवाज घुमतो आणि खालून आल्यासारखा वाटतो. उपाय?

घुमण्याचं पहिलं कारण खण. स्पीकर आत ढकललेला असेल तर खणाच्या तळावरून, छतावरून आणि बाजूंवरून परावर्तन होतं आणि बोलणं डब्यातलं वाटतं. स्पीकरचा चेहरा फळीच्या कडेला लागेल, किंबहुना सेंटिमीटरभर बाहेर येईल, इतका पुढे ओढा. आजूबाजूची मोकळी जागा जाड फोमने किंवा घडी केलेल्या घोंगडीने भरा, फक्त मागे पोर्ट (डब्यातली हवा आत-बाहेर करणारं भोक) असेल तर तो झाकू नका. मागच्या पोर्टला भिंतीपासून किंवा खणाच्या पाठीपासून निदान १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तर पोर्टमध्ये सोबत आलेला फोमचा बोळा घाला आणि रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) १०० हर्ट्झवर न्या. नवीन घेताना अशा जागेसाठी बंद डब्याचा किंवा पुढे पोर्ट असलेला सेंटर निवडा.

खालून येण्याचं कारण कोन. बसल्यावर कान जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आणि स्पीकर ५० वर, अंतर ३ मीटर: म्हणजे स्पीकरला साधारण साडेनऊ अंश वर पाहायला हवं. स्पीकर २५ सेंटिमीटर खोल असेल तर पुढची कड सुमारे ४ सेंटिमीटर उचला. दाराखाली लावतात तशा रबरी पाचरी पुरतात. स्पीकर त्यांवर घसरत नाही आणि फळीचा थरथराटही कमी होतो. ट्वीटरजवळ, स्पीकरच्या चेहऱ्याला सपाट टेकवून, एक लहान आरसा कोणाला तरी धरायला सांगा आणि आपल्या जागेवर बसा. आरशात तुमचा चेहरा दिसला की नेम बरोबर. टीव्हीच्या वर ठेवत असाल तर हेच उलट, मागची कड उचलायची. आणि समोर काचेचं टीपॉय असेल तर त्यावर जाड कापड टाकून ऐका. सेंटर आणि कान यांच्यामध्ये चकचकीत पृष्ठभाग असला की आवाज दोनदा पोचतो.

प्रश्न : मारामारीचे आवाज घर हलवतात आणि संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागतो. सेंटर बदलायलाच हवा ना?

आधी बदलू नका. या तक्रारीचं मूळ पुष्कळदा स्पीकरमध्ये नसतंच.

पहिली गोष्ट, रिसीव्हरच्या पडद्यावर काय येतंय ते पाहा. टीव्हीची ध्वनी-जोडणी 'पीसीएम'वर असेल आणि तार साध्या एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) किंवा ऑप्टिकल जोडणीची असेल, तर रिसीव्हरला फक्त दोन वाहिन्या मिळतात. टीव्हीत ते 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा. तरी दोनच वाहिन्या येत असतील तर कार्यक्रमच स्टिरिओ आहे. तेव्हा रिसीव्हर 'स्टिरिओ'वर ठेवला तर सेंटर मुकाच राहतो. 'डॉल्बी सराउंड'सारखी पद्धत लावली की संवाद मध्ये येतात. त्यात 'सेंटर स्प्रेड' नावाची सोय दिसली तर चित्रपटासाठी ती बंद ठेवा, कारण ती मधला आवाज दोन्ही बाजूंना पसरवते.

दुसरं, तारेचे टोक. सेंटरची लाल-काळी उलटी लागली तर आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते. पण बाजूच्या स्पीकरांशी आणि सबवूफरशी त्याचं भांडण लागतं आणि पुरुषी आवाजातला भरीवपणा निघून जातो. दोन्ही टोकं डोळ्यांनी तपासा. तार १० मीटरपर्यंत असेल तर ८ ओहमला १.५ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं, ४ ओहमला २.५ घ्या. त्यापुढच्या महागड्या तारांनी संवाद स्पष्ट होत नाहीत.

तिसरं, पातळी आणि अंतर. ध्वनिमापक सी-भारांकनावर (मापकावरची 'सी' खूण) आणि मंद गतीवर ठेवून प्रत्येक स्पीकर कानाच्या जागी ७५ डेसिबल करा. फोनमधलं मापक खऱ्या पातळीसाठी भरवशाचं नाही, पण तीन स्पीकरांची आपसांत तुलना करायला चालतं. मग सेंटर २ ते ३ डेसिबल वाढवून पाहा. ५ डेसिबल वाढवूनही समाधान होत नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे. अंतराच्या आकड्यात ३४ सेंटिमीटरची चूक म्हणजे १ मिलिसेकंदाचा फरक, तेव्हा फीत लावून मोजा. रात्रीच्या वेळी रिसीव्हरमधली 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' सोय लावली की मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. मारामारीवर हा थेट उपाय आहे.

आणि चौथं, खोली. हॉलच्या मध्यभागी एक टाळी वाजवा. टाळीमागे 'ट्रिंग' असा शेपूट ऐकू आला तर उघड्या फरशा, काच आणि रिकाम्या भिंती शब्दांवर शब्द चढवताहेत. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड गालिचा, काचेवर दुपदरी पडदे, सोफ्यामागे पुस्तकांचं कपाट. एवढ्याने जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या सेंटरनेही पडत नाही.

इतकं करूनही शब्द लागत नसतील, मगच स्पीकर बदला.

प्रश्न : सेंटर नसेल तर अडतं का? खोली लहान आहे आणि मी एकटाच पाहतो.

नाही अडत. अगदी मध्यावर एकच माणूस बसत असेल आणि दोन स्पीकर चांगले असतील, तर रिसीव्हरमध्ये सेंटर 'नाही' असं सांगा. मधली वाहिनी दोघांत सारखी वाटली जाते आणि आवाज मध्ये असल्याचा भास होतो. स्वस्तातला बेजोड सेंटर लावण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

या भासाला दोन मर्यादा आहेत. जरा बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि बोलणारा माणूस त्याच्यात जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकरांचा आवाज किंचित मागेपुढे मिळतो, त्यामुळे २,००० हर्ट्झच्या जवळपास थोडी घट येते. खरा सेंटर तिथे जास्त स्वच्छ असतो. ही अडचण नवी नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचा आवाज वॉशिंग्टनच्या सभागृहात तारेवरून नेला, तेव्हा दोन नव्हे तर तीन वाहिन्या वापरल्या होत्या. सभागृहात सगळेच मध्यावर कुठे बसतात?

प्रश्न : रिसीव्हरने मापन करून सेंटर 'लार्ज' ठरवला. स्पीकर मोठा आहे, तर तसंच ठेवू?

'स्मॉल' करा. ही नावं डब्याच्या आकाराची नाहीत, खालचे सूर कोणाकडे पाठवायचे याची आहेत. 'स्मॉल' केलं की क्रॉसओव्हरच्या खालचं काम सबवूफरकडे जातं, आणि सेंटरचे वूफर संवादासाठी मोकळे राहतात.

सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. माहितीपत्रकात सेंटरची खालची मर्यादा, उणे ३ डेसिबलची, ७० हर्ट्झ असेल तर १०० ठेवा. नुसतं '५० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलं असेल आणि किती डेसिबलच्या आत ते दिलं नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका. लहान सेंटर असला तरी १२० च्या वर शक्यतो जाऊ नये. पुरुषी आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. क्रॉसओव्हर १५० वर नेला की नायकाचा निम्मा आवाज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येऊ लागतो, आणि कान ते लगेच ओळखतो. ज्या सेंटरला १५० लागतोच, तो न घेतलेला बरा.

मापनाचा मायक्रोफोन हातात धरू नका. तिपाईवर, कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून थोडा दूर ठेवा.

प्रश्न : टीव्हीच्या वर एक आणि खाली एक, असे दोन सेंटर लावले तर आवाज पडद्याच्या मध्यातून येईल का?

कल्पना आकर्षक आहे, पण नको. वर पाहिलेला दोन वूफरांचा खड्डा इथे उभ्या दिशेत पडतो, आणि अंतर जास्त असल्याने एक नव्हे, अनेक. मान जराशी हलवली तरी आवाज बदलतो. शिवाय ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात. आवाज पडद्यातूनच हवा असेल तर प्रोजेक्टर आणि ध्वनिपारदर्शक पडदा घ्या आणि मागे तीन एकसारखे स्पीकर उभे करा. विणलेला पडदा वरचे सूर कमी अडवतो, बारीक छिद्रांचा जास्त. पडदा लावून झाल्यावर मापन पुन्हा करा, आणि स्पीकर पडद्याला चिकटवू नका.

एकच सेंटर टीव्हीखाली ठेवलात तरी काळजी नको. वर-खाली दिशा ओळखण्यात कान डाव्या-उजव्याइतका तरबेज नसतो, आणि हलणारे ओठ दिसले की मन आवाज तिथेच नेऊन लावतं. कोन मात्र वर सांगितल्याप्रमाणे कानाकडे हवा.